दमनी ‘द’नं लिहितात

आरमोरीहून जंगलाच्या बाजूला सहा मैल आत खैरीटोला नावाचं गाव आहे. तिथल्या कोलू कुमरेला अक्षरं आली तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला होता. पण त्या वर्गात सून बुधरी पहिल्या ओळीत बसायची, आणि सासऱ्यानं तिच्या मागं बसून मोठ्यानं बाराखडी म्हणायची हे कोलूला काही जमेना. मग चौथीतली नात त्याची मास्तरीण झाली. स्वाती तिचं नाव.

कोलू बैलगाड्या बनवायचा. घरामागं त्याचा मांडव होता. शाळा सुटली की स्वाती तिथं यायची, रंधलेल्या फळीवर कोळशानं अक्षर काढायची आणि आजोबाला गिरवायला लावायची. दुसऱ्या दिवशी कोलू तीच फळी पुन्हा रंधून कोरी करायचा.

“तुह्या शाळेपायी माही फळी पापडावानी पातळ झाली वो,” तो म्हणायचा.

“मंग लवकर शिका ना जी आबाजी,” ती म्हणायची.

पुस्तकातली चित्रं कोलूच्या डोक्यात बसत नव्हती. म्हणून पोरीनं त्याच्याच कामातली अक्षरं काढली. ग गाडीचा. त तुंब्याचा, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल लाकडाचा. ध धावेचा, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्टीचा. आणि द दमनीचा. हे ‘द’ अक्षर त्याला एका दिवसात आलं.

दमनी म्हणजे माणसं न्यायची हलकी, छपराची गाडी. लग्नाला जायचं, बाळंतीण माहेरी आणायची, यात्रेला जायचं, तर दमनी जुंपायची. आरमोरीपासून वडश्यापर्यंत कोलूच्या हातच्या दमन्या पळायच्या. उतारावर बैल दौडत असले तरी आतल्या माणसाच्या हातातलं पाणी सांडत नव्हतं, असं लोक सांगत. पुढं जीप आल्या, फटफट्या आल्या आणि दमनी मागं पडली. कोलूचा एकुलता एक मुलगा पवन बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात बांबू उतरवायच्या कामाला लागला. कोलूची स्वतःची दमनी मांडवाच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात पवन गेला. एकोणचाळीस वर्षांचा गडी. पाळी संपवून सायकलवर घराकडं निघाला, चालत्या सायकलवरून खाली आला आणि उठलाच नाही. हृदयाची नळी बंद पडली, असं डॉक्टरनं सांगितलं. आठ दिवस आधी तपासलं असतं तरी बाहेरून काही दिसलं नसतं, असंही म्हणाला. त्यानंतर कोलूनं मांडवात पाऊल टाकलं नाही. पटाशी, वाकस, रंधा सगळं पोत्यात बांधून आढ्याला लटकवलं. कोणासाठी करायचं, असं तो बोलला नाही, पण त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

स्वाती मात्र शिकत गेली. आरमोरी झालं, नागपूर झालं, मग पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. दर महिन्याला ती आजोबाला पत्र लिहायची, मोठ्या सुट्या अक्षरात, जोडाक्षरं जमेल तितकी टाळून. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात आलेलं पत्र असं होतं:

‘आबाजी, तुम्ही विचारलं की मी तिथं नेमकं काय करते. मी धमनीवर काम करते. धमनीच्या आत वर्षानुवर्षं मळ साचतो. तो बाहेरून दिसत नाही. आणि एक दिवस चालता चालता सगळं अचानक बंद पडतं. ते आधी कळावं म्हणून आम्ही एक औषध बनवतो आहोत. ते आत सोडलं की फिरत फिरत जातं आणि बिघडलेल्या जागेलाच चिकटतं. मग चुंबकाच्या यंत्रात ती जागा बाहेरून दिसते. काही उघडावं लागत नाही.’

धमनी म्हणजे रक्ताची नळी. या सगळ्या मजकुरात स्वातीनं एक शब्द मुद्दाम गाळला होता. हृदय. ज्या घरातून बाप तसा गेला, त्या घरी तो शब्द टपालानं पाठवायला तिचा हात धजला नाही. आणि नेमका तोच शब्द नसल्यामुळं कोलूनं ते पत्र ओसरीवर बसून बोटानं ओळ धरत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उठून उभा राहिला.

“बुधरी! अवो बुधरी! पोट्टी दमनीवर शिकून राह्यली!”

बुधरी चुलीपाशी होती. “काय म्हणता मामाजी?”

“दमनीवर! पुण्याले! वंगणाचा मळ तुंब्यात साचते, आस झिजते, अन् एक दिवस भर रस्त्यात चाक बसते. थे आधी पाह्याचं यंत्र काढून राह्यली. अन् मास्तरीण होती माही, पण पाह्य, द च्या जागी ध लिहिला तिनं. पुण्याच्या हवेनं पोरगी अक्षर विसरली.”

बुधरीनं पत्र हातात घेतलं, वाचलं, सासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि घडी घालून परत दिलं.

कोलूनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. ‘चि. स्वातीस आशीर्वाद. दमनी द ने लिहितात. तूच शिकवले. बाकी काम चांगले आहे.’

स्वातीचं पुढचं पत्र आलं त्यात ती चूक तिनं कबूलही केली नव्हती आणि खोडलीही नव्हती. त्यानंतर ती ‘माझं काम’ एवढंच लिहू लागली. कोलूला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याला एकच गोष्ट दिसत होती. आपल्याबरोबर संपणार असं वाटलेलं काम नातीनं उचललं होतं. आता मरताना ते आढ्यावरचं पोतं डोळ्यासमोर येणार नाही, असं त्याला वाटलं.

त्यानं पोतं खाली काढलं.

कोंबड्यांना दुसरीकडं बसवून त्यानं दमनी उजेडात ओढली आणि पहिलं काय केलं, तर नातीचं यंत्र करून पाहिलं. मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक त्याच्याकडं होतं. दोन्ही तुंब्यांतलं काळं वाळलेलं वंगण त्यानं खरवडून दोन पानांवर काढलं आणि चुंबक फिरवलं. डाव्या चाकाच्या वंगणातून लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा चुंबकाला येऊन लागला. उजव्यातून जवळजवळ काही नाही. मग त्यानं दोन्ही चाकं काढून पाहिली. आस डावीकडं खरंच झिजला होता. कोलू एकटाच हसला. त्यानं लिहिलं:

‘तुमचे यंत्र बरोबर आहे. मी करून पाहिले. झिजलेल्या बाजूचे वंगण चुंबकाले जास्त लागते. तुझ्या साहेबाले सांग.’

आणि तिनं सांगितलं! उत्तरात लिहिलं होतं की साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलं. जानेवारीत चार दिवसांची रजा मिळणार आहे, तेव्हा ती घरी येते आहे.

झालं. कोलूनं ठरवलं की पोरीला डांबरी रस्त्यावरच्या फाट्यावरून दमनीतच आणायची. दमनीची पंडित जीपमध्ये बसून येते म्हणजे काय! त्यानं गावात सगळ्यांना सांगितलं. जंगूला सांगितलं, कारण बैल त्याचे मागायचे होते. पाणी भरायला येणाऱ्या रुखमाबाईला विहिरीवर थांबवून सांगितलं.

“पुण्याचे लोक आता आपली दमनी शिकून राह्यले, माहीत हाये काय?”

“मंग कोलूभाऊ, तुमाले मास्तर म्हणून काऊन नाई नेत?” रुखमाबाई म्हणाली. “आमालेही तेवढीच शांती भेटंल.”

दोन महिने मांडवातून ठोकण्याचा आवाज येत राहिला. नवे आरे बसले, छप्पर झालं, आस बदलला. राहिली फक्त चाकांची धाव. ती चढवायला तो दोन्ही चाकं घेऊन आरमोरीला कमरुद्दीनकडं गेला.

कमरुद्दीन लोहारकाम करायचा. चाळीस वर्षं कोलूच्या प्रत्येक चाकाला त्यानंच लोखंड चढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली, नागपूरला नेलं, तेव्हापासून घणाचं काम मुलगा करायचा. पण कोलूची चाकं आलेली पाहून कमरुद्दीन बनियन चढवून स्वतः बाहेर आला.

“बस करा जी,” त्याची बायको साबिरा दारातून म्हणाली. “डॉक्टरनं काय सांगतलं हाये?”

“घण नाई उचलत. नुसता उभा राह्यतो. आता हा म्हातारा मरायच्या आधी एक दमनी चालवून पाह्यते म्हणते, तर मी घरात बसू काय?”

अंगणात धावेची लोखंडी कडी ठेवली, भोवती गोवऱ्या रचून जाळ केला. लोखंड तापायला वेळ लागतो. दोघं बाजेवर बसले, साबिरानं चहा दिला, आणि कोलूनं टोपीतून पत्रं काढली. ती तो बरोबरच घेऊन फिरायचा. पहिलं पत्र त्यानं मोठ्यानं, शब्द शब्द तोडून वाचलं. ‘मी धमनीवर’ इथं आल्यावर थांबून म्हणाला, “इथी पोरीनं चूक केली हाये. द पाह्यजे.”

कमरुद्दीन पुढं ऐकत गेला. ‘आत मळ साचतो’ आलं. ‘चालता चालता बंद पडतं’ आलं. त्याचा हात आपोआप बनियनवर गेला.

“कोल्या, थांब. पुन्हा वाच. काय लिहिलं हाये? ध?”

“सांगतलं ना, चूक हाये.”

“अबे, चूक पोरीची नाई. तुही हाये.”

“कमरू, तुले एक अक्षर येत नाई, अन् तू मले शिकवतो काय?”

“अक्षर नाई येत, पण धमनी येते!” कमरुद्दीननं छातीवर बोट ठेवलं. “इथी असते. नागपूरच्या डॉक्टरनं मले टीव्हीवर दाखवली. मांडीतून सुतावानी तार घातला, रंग सोडला, अन् म्हणे पाहा चाचा, ही तुमची धमनी, इथी मळ साचला हाये. मी म्हटलं साहेब, दमनी आमच्या कोल्याजवळ असते. सगळे हसले. मीही तुह्यासारखाच गधा होतो त्या दिवशी.”

साबिरा पुढं झाली. “तुमी चूप बसा ना जी!”

पण बोलणं झालं होतं. कोलूनं पत्र गुडघ्यावर ठेवलं. त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मनात. प्रत्येक वाक्य तेच होतं आणि प्रत्येक वाक्यातून गाडी निघून गेली होती. बाहेरून दिसत नाही. एक दिवस चालता चालता. हे वाक्य त्यानं आधी कुठं ऐकलं होतं ते त्याला आठवलं.

“कमरू,” तो म्हणाला, “म्हणजे पवनले झालं, थे?”

कमरुद्दीननं मान हलवली.

“म्हणजे पोट्टी तिच्या बापावर शिकून राह्यली.”

“हो गा.”

जाळातली कडी लाल झाली होती. लोखंड कोणासाठी थांबत नाही. दोघं उठले, मुलानं सांडशी धरली, कडी चाकावर उतरली, लाकूड पेटलं, कोलूनं पाणी ओतलं आणि वाफ उठली. गार होताना लोखंड आवळत गेलं आणि सगळे आरे करकरत आपापल्या भोकात बसले. हे काम कोलूनं हजार वेळा केलं होतं. पण त्या दिवशी त्याचा हातोडा दोनदा चुकून सांडशीवर बसला.

निघताना कमरुद्दीन त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. “हे पाह्य, कोणाले सांगू नको. पोरगी चार दिवस राहील, जाईल. गावाले काय समजते?”

कोलू चाकं घेऊन निघाला.

घरी आल्यावर त्यानं चाकं बसवली, आणि दमनीच्या दांडीवर टेकून राहिला. जे काम नातीच्या हाती गेलं म्हणून तो सहा महिने ताठ चालत होता, ते कुठं गेलंच नव्हतं. ते इथंच मांडवात होतं आणि त्याच्याबरोबरच जाणार होतं. वर सगळ्या गावात त्यानं स्वतःच्या तोंडानं दवंडी पिटली होती.

संध्याकाळी बुधरी ताट घेऊन मांडवात आली. “मामाजी, जेवा ना.”

“बुधरी, तुले ठावूक होतं?”

बुधरीनं ताट खाली ठेवलं. “होतं जी. तिनं आरमोरीच्या फोनवर मले सांगतलं होतं. म्हणे आई, आता कशी सांगू?”

“म्हणजे तुमी दोघी मिळून बुढ्याले खेळवून राह्यल्या.”

“खेळवून नाई.” बुधरीचा आवाज एरवी सासऱ्यापुढं कधी चढत नव्हता. “आठ वर्षं तुमी या मांडवाकडं पाह्यलं नाई. थे गेले तवापासून घरात कोणाचाच आवाज नव्हता. त्या पत्रानं तुमी पोतं खाली काढलं. सकाळी ठोकाठोकी आयकू आली तर मी चुलीपाशी बसून रडली. थे बंद कराले माही हिंमत नाई झाली. तुमाले राग आला असंल तर माह्यावर करा. पोरीवर नको.”

कोलूनं ताट जवळ ओढलं. दोन घास खाल्ल्यावर म्हणाला, “मीठ कमी हाये.”

“बरोबर हाये,” बुधरी म्हणाली आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जंगूचे बैल जुंपले आणि फाट्यावर गेला. एसटी आली. स्वाती उतरली, पाठीवर पिशवी, डोळ्यांना चष्मा. समोर दमनी पाहून ती रस्त्यातच थांबली. छपरावर नवी चटई, जुवाला तेल, चाकावरचं नवं लोखंड उन्हात चमकत होतं.

“आबाजी,” ती म्हणाली, “ही तर चालते!”

“मंग काय, अंडे घालाले बनवली होती काय? बस.”

बैल निघाले. स्वाती छपराला हात लावून पाहायची, पुन्हा खाली घ्यायची. कशी सुरुवात करावी हे तिला सुचत नव्हतं, आणि कोलूलाही ते दिसत होतं. शेवटी त्यानंच बैलांकडं पाहत विचारलं:

“धमनी कुठी असते वो?”

त्यानं ‘ध’ वर जोर दिला होता.

“कमरूनं सांगतलं मले. रागावलो नाई. दाखव कुठी असते थे.”

ती पुढं सरकली. त्याची दोन बोटं तिनं हातात घेतली आणि त्याच्याच मानेवर, जबड्याच्या खाली दाबून धरली. “ही पाहा. इथी. उडते ना? अशीच एक बारीक हृदयावर असते.”

कोलू स्वतःच्या मानेवर बोटं ठेवून बसला. बैल आपले चालत होते.

“आता सांग तुहं यंत्र. पत्रातल्यावानी नको. मुद्द्यानं सांग.”

तिनं सांगितलं. यंत्र दुसऱ्यांनी केलेलं, मोठ्या चुंबकाचं. तिचं काम औषधाचं. लोखंडाचे कण, इतके बारीक की सुईच्या टोकावर कोट्यवधी मावतील.

“लोखंड? रक्तात?”

“रक्तात लोखंड राह्यतेच आबाजी. आमी त्याच्यावर साखरेसारखं कवच चढवतो, अन् त्या कवचाले एक आकडा लावतो. आकडा असा की दुसऱ्या कुठी अडकला नाई पाह्यजे. धमनी जिथी आतून बिघडली तिथीच अडकला पाह्यजे. मग चुंबकाच्या यंत्रात तेवढीच जागा काळी दिसते.”

“अन् अडकते?”

“सशांले देऊन पाह्यतो आमी. चरबी चारलेले ससे. पहिल्या वर्षी सगळं जाऊन यकृतात बसलं. कलेजी असते ना, ती. रक्तात काही परकं दिसलं की कलेजी गिळून टाकते. दुसऱ्या वर्षी आकडा बदलला. आता पाच सशांत दोघांच्या धमनीले बरोबर लागलं.”

“तीन उरले.”

“तीन उरले. माणसाले द्यायले अजून दहा वर्षं लागतील. कदाचित दुसऱ्याच कोणाचं औषध आधी येईल.”

कोलूनं कासरा सैल सोडला. तो विचार करत होता, आणि विचार करताना त्याचा हात नेहमीसारखा खाली चाकाकडं गेला.

“मळ किती साचला थे पाह्यता काय तुमी?”

“आधी तेच पाह्यत होते लोक. काऊन?”

“मळ पाहून उपेग नाई. एखाद्या तुंब्यात मणभर वंगण जमते, दहा वर्षं काही होत नाई. दुसरा वरून साफ राह्यते अन् बाजारातून येता येता मोडते. मी गाडी आली की आधी तुंब्याले हात लावतो. जो तापला, थो मोडते. गरम कुठी होते थे पाह्य.”

स्वाती एवढी हसली की बैलांनी कान टवकारले. “आबाजी, हे पटाले आमच्या साहेबांले दोन वर्षं लागली! जाड थराचा माणूस नव्वद वर्षं जगते, पातळ थराचा जाते. आतून जिथी जळजळ होऊन राह्यली तिथीच थर फाटते. त्या जळत्या जागेलेच आमचा आकडा लागते. मळाले नाई.”

“मंग बरोबर करून राह्यली तू.” त्यानं कासरा आवळला. “पवनचा तुंबा तापला होता वो.”

“काय?”

“पंधरा दिवस आधी आला होता थो इथी. म्हणे बाबा, डावा हात दुखते. मी म्हटलं बांबू ओढून दुखते, अन् मोहाचं तेल लावून चोळून देलं. म्हणे आता बरं वाटते. मी कोणालेच नाई सांगतलं. तुह्या आईलेही नाई. आयुष्यभर हात लावून सांगत आलो का चाक मोडंल का राहील, अन् पोराचा हात चोळला तरी मले नाई समजलं.”

स्वाती मागून त्याच्या पाठीला टेकली. लहानपणी दमनीत बसायची तशी.

“मलेही नसतं समजलं आबाजी. डॉक्टरलेही नाई. हात लावून समजलं असतं तर मी पुण्याले कायले गेली असती?”

चाकं मऊ मातीत शिरली, तिथं आवाज बंद झाला. कोलूनं नाक शिंकरलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि म्हणाला, “पुढच्या वेळी त्या दोन सशांचे फोटू आण. कुठी लागलं थे मले दाखव.”

“आणते.”

“अन् त्या तिघांचेही आण. काऊन नाई लागलं थे पाहू.”

गावाच्या तोंडाशी लोक जमले होते. जंगू आपले बैल नीट आहेत की नाही ते पाहायला आला होता. रुखमाबाई सगळ्यांच्या पुढं कमरेवर हात ठेवून उभी होती. बुधरी दारातच थांबली होती.

“काय वो पोरी,” रुखमाबाई ओरडली, “झाली काय दमनीची परीक्षा? आज्यानं तर दोन महिने आमचे कान खाल्ले. पास केलं का नाई त्याले?”

स्वातीनं आजोबाकडं पाहिलं. ती तोंड उघडणार होती. तिनं हो म्हटलं असतं तर सगळे हसून घरी गेले असते. पण कोलू दांडीवरून खाली उतरला, बैलांपुढं उभा राहिला आणि टोपी काढून हातात घेतली.

“आयका. माही चूक झाली. पोरगी गाडीवर नाई शिकून राह्यली. थो ध होता, मी द वाचला.”

लोक हसू लागले. जंगू तर जोरात. कोलूनं त्यांना हसू दिलं.

“हासा. मीही हासलो असतो. आता आयका, धमनी इथी असते.” त्यानं दोन बोटं मानेवर ठेवली. “सगळ्याईनं लावा. लावा ना वो रुखमाबाई, लाजता काय! उडते का नाई? अशीच छातीत असते. थे आतून तापते अन् बंद होते. बाहेरून दिसत नाई. आमच्या पवनची तशीच बंद झाली.”

गेल्या आठ वर्षांत त्यानं मुलाचं नाव चार माणसांत घेतलं नव्हतं. हसणं थांबलं. दारात बुधरीनं चौकट धरली.

“तर ही पोट्टी लोखंडाचा कीस करते. पिठाहून बारीक. त्याले साखर लावते. थो कीस रक्तातून फिरते, अन् जिथी तापली असंल तिथी जाऊन चिकटते. बाकी कुठीच नाई. मंग चुंबकाले दिसते, का बापा हा गडी आता मोडंल, याले आजच दवाखान्यात न्या. सशाच्या अंगात लागलं हाये. पाचात दोन.” त्यानं बोटं दाखवली. “माणसाले अजून टाईम हाये. पण होईल.”

सांगण्यात थोडं इकडंतिकडं झालं होतं. स्वातीनं दुरुस्त केलं नाही. पुण्यात साहेबांपुढं तिनं हेच वीस चित्रं लावून सांगितलं होतं, तेव्हा निम्मे लोक घड्याळ पाहत होते. इथं एक म्हातारी, दोन गुराखी आणि जंगू मानेवर बोटं ठेवून उभे होते, आणि कोणीही हात काढत नव्हतं.

रुखमाबाईनंच पहिल्यांदा बोटं काढली. ती दमनीभोवती एक फेरी मारून आली, नव्या धावेवर हात फिरवला, छप्पर पाहिलं.

“मंग कोलूभाऊ,” ती जरा हळू आवाजात म्हणाली, “ही दमनी कायले बनवली तुमी?”

“पोरीले फाट्यावरून आणाले,” कोलू म्हणाला, आणि बैल सोडू लागला.